प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरणोपचार : सफाळे ते परळ

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले, की विरार मागे पडते, वैतरणेचे रुंद पात्र ओलांडले जाते आणि थोड्याच वेळात सफाळे स्थानक येते. पालघर तालुक्यातील हे गाव आणि त्याच्या आसपासची एडवण, दातिवरे, माकुणसार, तांदुळवाडी ही गावे भातशेती, भाजीपाला व मासेमारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यावर या भागाचा मुंबईशी संबंध अधिकच दाट झाला. पहाटेच्या गाडीने नोकरदार, विद्यार्थी आणि भाजीविक्रेते मुंबईकडे जातात. याच गाडीत हातात कागदपत्रांची पिशवी घेतलेले काही वयस्कर प्रवासीही असतात. ते दादरला उतरतात आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतात.

कर्करोगाचे निदान झालेल्या ग्रामीण रुग्णाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जिवाचा. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न असतो, ‘किती दिवस यावे लागेल?’ शेतीची कामे, बुडणारी मजुरी, सोबतीला येणाऱ्या मुलाची रजा आणि मुंबईतील मुक्काम हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील किरणोपचारात गेल्या काही वर्षांत जो मोठा बदल झाला, तो नेमका याच प्रश्नाशी निगडित आहे. पूर्वी सात-आठ आठवडे चालणारा उपचार आता बऱ्याच रुग्णांना चार-पाच आठवड्यांत, तर निवडक रुग्णांना केवळ पाच भेटींत देता येतो. हा बदल गावातील माणसापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याची माहिती शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांना असणे आवश्यक आहे.

ग्रंथी आणि तिचा रोग

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. ती केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मोठ्या आवळ्याएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असून मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत फुगते. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवी झाल्यावरही पूर्ण न झाल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे होत. ही वाढ बहुतांशी साधी असते. ती कर्करोग नव्हे. तथापि प्रोस्टेटच्या कर्करोगातही अशीच लक्षणे दिसू शकतात आणि आरंभीच्या अवस्थेत तर काहीच लक्षणे दिसत नाहीत. रोग हाडांपर्यंत पोहोचल्यावर कंबर किंवा पाठ सतत दुखू लागते. ते दुखणे वयाचे किंवा कष्टाचे समजून मलमपट्टीवर काही महिने निघून जातात, आणि हेच महिने मोलाचे असतात.

या रोगात आणखी एक अडचण आहे, ती संकोचाची. लघवीचा त्रास घरात बोलावयाचा नाही, बोललाच तर डॉक्टरांपुढे नाही, अशी अनेक ज्येष्ठ पुरुषांची वृत्ती असते. ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ या एका वाक्यावर विषय संपतो.

निदानाच्या पायऱ्या

पन्नाशीनंतर लघवीच्या तक्रारी असल्यास, किंवा वडील अथवा भाऊ यांना हा रोग झालेला असल्यास, डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात आणि पीएसए नावाची रक्ततपासणी करावयास सांगतात. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे प्रथिन आहे. त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे प्रति मिलिलिटर ४ नॅनोग्रॅमहून अधिक आढळल्यास पुढील तपासणीचा विचार होतो. मात्र साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही हे प्रमाण वाढते. म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावरून कर्करोग ठरविला जात नाही, आणि लक्षणे नसलेल्या सर्व पुरुषांची सरसकट पीएसए तपासणी शिबिरांत उरकणेही योग्य मानले जात नाही. एमआरआय चित्रण आणि सुईने काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांनंतरच निदान पक्के होते.

त्यानंतर रोगाची प्रतवारी केली जाते. पीएसएचे प्रमाण, ग्रंथीतील गाठीची व्याप्ती आणि पेशींची आक्रमकता या तीन गोष्टींवरून कमी, मध्यम व अधिक धोक्याचे गट पाडले जातात. रोग लसीका ग्रंथींत किंवा हाडांत गेला आहे काय, हे हाडांच्या स्कॅनने किंवा पीएसएमए पेट स्कॅनने पाहतात. उपचार ठरतो तो या गटावरून. त्यामुळे शेजारच्या गावातील रुग्णाला जो उपचार मिळाला तोच आपल्यालाही मिळावा, असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

कमी धोक्याच्या रोगात कित्येकदा लगेच उपचार न करता नियमित तपासणीखाली राहणे पुरते. ब्रिटनमध्ये पीएसए चाचणीतून रोग लवकर आढळलेल्या १,६४३ पुरुषांचा दीर्घ अभ्यास करण्यात आला. कोणाला तपासणीखाली ठेवले, कोणावर शस्त्रक्रिया केली, तर कोणाला किरणोपचार दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पंधरा वर्षांच्या सुमारास या सर्वांपैकी केवळ २.७ टक्के पुरुष प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू पावले होते आणि तिन्ही गटांत त्या बाबतीत लक्षणीय फरक नव्हता. रोग वेळेवर सापडला तर घाबरून जाण्याचे कारण नाही, हा त्याचा बोध होय.

किरण काय करतात

कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असतात. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण पेशींतील डीएनए या जनुकीय द्रव्यावर आघात करतात. निरोगी पेशी हा आघात बऱ्याच अंशी भरून काढू शकतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही. म्हणूनच एकूण मात्रा एकदम न देता लहान लहान हप्त्यांत विभागून देण्याची पद्धत पडली. दोन हप्त्यांमधील वेळेत निरोगी पेशी सावरतात. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात.

ज्या यंत्रातून हे किरण दिले जातात त्याला रेषीय त्वरक म्हणतात. त्यात विजेच्या साह्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन ते धातूच्या लक्ष्यावर आदळविले जातात आणि त्यातून क्ष-किरण निर्माण होतात. यापूर्वी कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूची यंत्रे सर्वत्र वापरली जात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे त्याच जातीचे स्वदेशी यंत्र. प्रोस्टेटसारख्या खोलवर असलेल्या आणि दोन नाजूक अवयवांच्या मध्ये असलेल्या ग्रंथीसाठी मात्र आता मुख्यतः रेषीय त्वरकच वापरतात. कारण त्याच्या किरणांचा झोत संगणकाच्या साह्याने ग्रंथीच्या आकाराप्रमाणे वळविता येतो आणि दररोज उपचारापूर्वी चित्र घेऊन ग्रंथीची जागा तपासता येते.

तारापूरच्या शेजारातील एक शंका

सफाळ्याच्या उत्तरेस केळवे रोड, पालघर, उमरोळी ही स्थानके मागे टाकली की बोईसर लागते. तेथून जवळच तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. देशातील या पहिल्या अणुविद्युत केंद्राने १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मितीस प्रारंभ केला. त्यामुळे ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द या पट्ट्यातील माणसाला पुस्तकात वाचून माहीत झालेला नाही. तो त्याच्या शेजारचा शब्द आहे, आणि त्याबरोबर येणारी भीतीही शेजारचीच आहे. किरणोपचार घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहतात, त्याच्याजवळ नातवंडांना बसू देऊ नये, त्याचे कपडे व भांडी वेगळी ठेवावीत, असे समज त्यातून निर्माण होऊ शकतात.

या बाबतीत वस्तुस्थिती स्पष्ट आहे. रेषीय त्वरकातून दिलेले क्ष-किरण शरीरातून पार होतात. शरीरात काहीही शिल्लक राहत नाही. दिव्याची कळ बंद केली की खोलीत प्रकाश साठून राहत नाही, त्याप्रमाणे यंत्र बंद होताच किरण थांबतात. उपचार घेऊन त्याच संध्याकाळी घरी आलेला रुग्ण नातवंडांना मांडीवर घेऊ शकतो, सर्वांबरोबर जेवू शकतो, पत्नीच्या शेजारी झोपू शकतो. वेगळा नियम लागू होतो तो केवळ ग्रंथीत किरणोत्सर्गी बीजे कायमची बसविण्याच्या पद्धतीला. त्यात काही काळ लहान मुले व गर्भवती यांच्याशी निकटचा सहवास टाळण्यास सांगतात. ही पद्धत निराळी असून तिची सूचना डॉक्टर रुग्णाला आधीच देतात.

ज्या विज्ञानाने तारापूरला वीज दिली, त्याच विज्ञानाची दुसरी शाखा परळला रोग बरा करीत आहे, हे या भागातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या पुढाकाराने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते आपल्याकडे घेतले आणि १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आला. नवी मुंबईत खारघर येथे याच संस्थेचे संशोधन व उपचार केंद्र उभे आहे.

एकोणचाळीस दिवसांवरून पाच दिवसांवर

प्रोस्टेटच्या कर्करोगाला किरणोपचार देताना रोज २ ग्रे या प्रमाणात ३७ ते ३९ हप्ते देण्याची पद्धत बराच काळ रूढ होती. आठवड्यातून पाच दिवस उपचार धरला तर हा काळ साडेसात ते आठ आठवड्यांचा होतो. पुढे असे लक्षात आले, की या ग्रंथीतील कर्करोगाच्या पेशी सावकाश वाढतात आणि त्यांच्यावर रोजच्या मोठ्या हप्त्याचा परिणाम तुलनेने अधिक होतो. मग हप्ते मोठे व कमी का करू नयेत, असा विचार पुढे आला आणि तो मोठमोठ्या चाचण्यांतून पारखून घेण्यात आला.

ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत ३,२१६ पुरुषांनी भाग घेतला. ३७ हप्त्यांत ७४ ग्रे घेतलेल्यांपैकी ८८.३ टक्के, तर २० हप्त्यांत ६० ग्रे घेतलेल्यांपैकी ९०.६ टक्के पुरुष पाच वर्षांनंतर रोगाच्या पुनरुद्भवापासून मुक्त होते. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वीडन व डेन्मार्क येथील १,२०० पुरुषांच्या चाचणीत ३९ हप्त्यांची तुलना ७ हप्त्यांशी करण्यात आली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील ८४ टक्के पुरुष पाच वर्षांनंतर रोगमुक्त आढळले. त्यापुढची पायरी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कमी व मध्यम धोक्याच्या ८७४ पुरुषांपैकी ज्यांना एक ते दोन आठवड्यांत केवळ ५ हप्ते देण्यात आले, त्यांतील ९५.८ टक्के पाच वर्षांनंतर पुनरुद्भवापासून मुक्त होते. अधिक हप्ते घेतलेल्या गटात हे प्रमाण ९४.६ टक्के होते. पाच हप्त्यांच्या गटात लघवीचा मध्यम स्वरूपाचा त्रास काहीसा अधिक आढळला, हेही नमूद केले पाहिजे.

या आकड्यांचा सफाळ्याच्या दृष्टीने अर्थ काय? सफाळ्याहून दादरला जाऊन परत येण्याची रेल्वेची मजल सुमारे १३० किलोमीटर धरली, तर ३९ हप्त्यांसाठी पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. २० हप्त्यांसाठी तो २,६०० किलोमीटर आणि ५ हप्त्यांसाठी ६५० किलोमीटर. एडवण किंवा दातिवऱ्याहून स्थानकापर्यंतचा आणि दादरहून रुग्णालयापर्यंतचा प्रवास यात धरलेला नाही. शिवाय उपनगरी गाडीत स्वच्छतागृह नसते. ज्या माणसाला दर अर्ध्या तासाने लघवीची घाई होते, त्याला गर्दीच्या गाडीतील दीड तास किती जड जात असेल, याची कल्पना करता येईल. तेव्हा हप्ते कमी होणे ही केवळ सोय नाही. उपचार पुरा होणे आणि अर्धवट सुटणे यांमधील अंतर कित्येकदा तेवढेच असते.

परळ येथील अभ्यास

कमी हप्त्यांचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. पाच हप्त्यांचे निष्कर्ष मुख्यतः कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांचे आहेत. रोग उशिरा उघडकीस आलेल्या अधिक धोक्याच्या रुग्णाला केवळ ग्रंथीवर किरण देऊन भागेल, की ओटीपोटातील लसीका ग्रंथींवरही द्यावे लागतील, हा प्रश्न जगभर वादाचा होता. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून मिळाले.

डॉ. वेदांग मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात अधिक व अति धोक्याच्या २२४ रुग्णांना या चाचणीत घेतले. दोन्ही गटांना २५ हप्ते आणि किमान दोन वर्षे संप्रेरकरोधक उपचार देण्यात आले. एका गटात किरण ग्रंथीपुरते होते, दुसऱ्या गटात ओटीपोटातील लसीका ग्रंथींवरही होते. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९५ टक्के आढळले. एकूण जीवितकालात तोवर फरक दिसला नाही आणि लघवीचा उशिराने होणारा त्रास दुसऱ्या गटात अधिक होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची दखल जगभर घेतली गेली. त्यातील २५ हप्ते, म्हणजे पाच आठवडे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अधिक धोक्याच्या रुग्णालाही आता आठ आठवडे द्यावेच लागतात असे नाही.

संप्रेरकरोधक उपचाराचे मूळ १९४१ मधील एका शोधात आहे. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि ते रोखले की रोग आक्रसतो, असे चार्ल्स हगिन्स यांनी त्या वर्षी दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक ठरावीक काळाने दिलेल्या इंजेक्शनांनी किंवा वृषणांच्या लहानशा शस्त्रक्रियेने थांबविता येते. अधिक धोक्याच्या रोगात किरणांबरोबर हा उपचार दीड ते तीन वर्षे द्यावा लागतो. किरणांचे हप्ते संपले म्हणजे उपचार संपला असे समजून इंजेक्शने चुकविणे हे म्हणूनच धोक्याचे असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रोग जितका लवकर सापडेल, तितके उपचाराचे दिवस कमी. उशिराची किंमत रुग्ण दोनदा मोजतो : एकदा शरीराने आणि एकदा दिवसांनी.

उपचाराचा एक दिवस

किरणोपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाचे सीटी स्कॅन करतात व त्याच्या कातडीवर बारीक खुणा करतात. त्यावरून डॉक्टर व भौतिकशास्त्रज्ञ मिळून किरणांचा आराखडा तयार करतात. या पूर्वतयारीस काही दिवस लागतात. तो काळ वाया गेला असे समजू नये. किरण योग्य जागी पडण्याची हमी त्यातूनच मिळते.

उपचाराच्या दिवशी दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. शौचास साफ झालेली असावी आणि सांगितल्याप्रमाणे पाणी पिऊन मूत्राशय भरलेले असावे. मूत्राशय भरले, की त्याचा बराचसा भाग व आतडी किरणांच्या वाटेतून दूर सरतात. गुदाशय रिकामे असले, की ग्रंथी आपली जागा सोडत नाही. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण दुष्परिणाम टाळण्यात तिचा वाटा मोठा आहे. मग रुग्णाला मेजावर निजवितात, चित्र घेऊन जागा तपासतात आणि यंत्र त्याच्याभोवती फिरते. दुखत नाही, भाजत नाही, भूल द्यावी लागत नाही. बहुधा पाव तासात सारे आटोपते. लोक या उपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, परंतु त्यात ऊब जाणवत नाही आणि उजेडही दिसत नाही.

उपचार चालू असताना लघवीला वारंवार जावे लागणे, जळजळ, पातळ शौच आणि थकवा हे त्रास होऊ शकतात. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत ओसरतात. थोड्या रुग्णांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचावाटे रक्त जाणे, लघवीचा त्रास किंवा लैंगिक क्षमता कमी होणे असे परिणाम जाणवतात. संप्रेरकरोधक उपचाराने अंगातून गरम वाफा येणे, वजन वाढणे व हाडे ठिसूळ होणे संभवते. या गोष्टी आधी सांगितलेल्या असल्या म्हणजे रुग्ण घाबरून उपचार सोडत नाही. आवणीचे दिवस आले म्हणून, किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून मध्येच थांबणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळले पाहिजे. हप्ते मध्ये सुटले तर एकूण मात्रेचा परिणाम घटतो. शेतीचा हंगाम जवळ असेल, तर ते डॉक्टरांना आरंभीच सांगावे. काही रोगांत उपचाराची तारीख थोडी पुढेमागे करता येते. सुरू झालेला उपचार मात्र तोडता येत नाही.

खर्च, प्रवास आणि निवास

राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २०२३ मधील निर्णयानुसार तिचे संरक्षण प्रति कुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. कर्करोगावरील किरणोपचाराचा या योजनेत समावेश आहे. केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत योजनेखाली ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वय वंदना कार्ड मिळते. प्रोस्टेटचा कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग असल्याने हे कार्ड विशेष उपयोगाचे आहे. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन त्यांना प्रथम भेटावे.

कर्करुग्ण व त्याचा एक सोबती यांना उपचारासाठी रेल्वेप्रवासात सवलत असते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांतून ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास करता येतो. ६५ ते ७५ या वयाच्या नागरिकांना निम्मे भाडे पडते. ज्यांना रोजचा प्रवास झेपत नाही, त्यांनी मुंबईत राहण्याची सोय आधी पाहावी. दादरची श्री संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासासाठी प्रसिद्ध आहेत. जागा मर्यादित असते, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी पहिल्याच भेटीत बोलावे.

गावाने करावयाचे काम

यंत्रे परळला आहेत, खारघरला आहेत. परंतु उपचार पुरा होण्याची निम्मी सिद्धता गावातच व्हावयाची असते. त्या दृष्टीने काही साध्या गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे बोलण्याची. ग्रामसभेत स्त्रियांच्या आरोग्याविषयी आता मोकळेपणाने बोलले जाते, तसे ज्येष्ठ पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींविषयीही बोलले जावे. आशा कार्यकर्तीपुढे हा विषय काढण्यास पुरुष लाजत असतील, तर आरोग्य सेवक किंवा गावातील निवृत्त शिक्षक यांनी ते काम अंगावर घ्यावे. लघवीतून रक्त, लघवी तुंबणे, न थांबणारी कंबरदुखी यांपैकी काही दिसल्यास रुग्णाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून पुढे पाठविणे, एवढे घडले तरी पुष्कळ होईल.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. शिधापत्रिकेवरील नाव व आधारपत्रावरील नाव यांत तफावत असेल, तर योजनेचा लाभ अडतो. ही तफावत रोग झाल्यावर, रुग्णालयाच्या खिडकीपाशी उघड होण्याऐवजी गावातच दुरुस्त व्हावी. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांची वय वंदना कार्डे काढून घेण्याचे काम ग्रामपंचायतीला एका मोहिमेत पुरे करता येईल. आदिवासी पाड्यांवर या मोहिमेची गरज सर्वांत अधिक आहे.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. किरणोपचार सुरू असलेल्या रुग्णाच्या घरी आठवड्यातून एकदा कोणीतरी जावे. हप्ता चुकला काय, पुढचे इंजेक्शन कधी आहे, सोबतीला कोण जाणार, एवढेच विचारावे. हंगामाच्या दिवसांत शेजाऱ्यांनी त्याच्या शेतावर दोन दिवस हात लावला, तर त्या मदतीचे मोल रुग्णालयातील यंत्राहून कमी ठरणार नाही. उपचार संपल्यावरही दर काही महिन्यांनी पीएसए तपासणी करावी लागते. त्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

चौथी गोष्ट शाळेची. तारापूरच्या परिसरातील शाळांत अणू व किरणोत्सर्ग यांचा धडा शिकविताना, बाह्य किरणोपचाराने रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही, हे एक वाक्य शिक्षकांनी आवर्जून सांगावे. मुले ते घरी नेतात. आजोबा परळहून परतल्यावर त्यांचे ताट वेगळे मांडले जाऊ नये, यासाठी त्या एका वाक्याचा उपयोग होईल.

सफाळ्याच्या स्थानकावर रात्री उतरणाऱ्या गर्दीत उपचाराचा विसावा हप्ता घेऊन आलेला एखादा वृद्ध असेल. पूर्वीच्या हिशेबाने त्याची निम्मी वाटच चालून झाली असती. आता तो उपचार पुरा करून घरी येत असतो. विज्ञानाने त्याचे दिवस कमी केले. उरलेले दिवस त्याला एकट्याने काढावे लागू नयेत, ही जबाबदारी गावाची आहे.